पीआरपी आणि पीआरएफ: केस प्रत्यारोपणाच्या दिवशी फरक कुठे पडतो

पीआरपी म्हणजे प्लेटलेटयुक्त प्लाझ्मा (प्लेटलेट्स या रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, प्लाझ्मा हा रक्तातला द्रव), पीआरएफ म्हणजे प्लेटलेटयुक्त फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे). दोन्ही रुग्णाच्याच रक्तापासून तयार होतात, दोन्ही पिवळसर दिसतात, त्यामुळे खर्चाच्या अंदाजपत्रकात एकाच्या जागी दुसरे नाव सहज खपून जाते. खरा फरक रक्त काढतानाच ठरतो. पीआरपीच्या नळीत रक्त गोठू न देणारे सायट्रेट असते. पीआरएफच्या नळीत तसले काहीच नसते.

पीआरपीसाठी साधारण 20 मिली रक्त घेतात. 3.2 टक्के सोडियम सायट्रेट असेल, तर 9 भाग रक्ताला 1 भाग. नळी हळूच उलटसुलट करायची, झटकायची नाही. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात ठेवतात. पहिल्या हलक्या फेरीत तांबड्या पेशी खाली बसतात. वरचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत घेऊन जोरात फिरवला की प्लेटलेट्स तळाशी जमतात. वरचा सुमारे दोन-तृतीयांश प्लाझ्मा काढून उरलेल्यात त्या मिसळल्या की 3-4 मिली पीआरपी मिळते. रक्तात मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात, इथे सुमारे 10 लाख हव्यात.

सर्वाधिक घोळ होतो तो आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेरे याचा. 1500 आरपीएम म्हणजे 10 सेंमी त्रिज्येच्या रोटरवर (यंत्राच्या फिरत्या भागावर) सुमारे 250 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 250 पट जोर, 15 सेंमीवर सुमारे 375. दुसऱ्या यंत्राचा आकडा तसाच उचलला आणि पहिली फेरी जास्त जोरात झाली, तर प्लेटलेट्स तांबड्या पेशींबरोबरच खाली जातात आणि डोक्यात टोचला जातो नुसता प्लाझ्मा. द्रव लालभडक दिसला तर तांबड्या पेशी मिसळल्यात. दुखणे आणि सूज वाढते.

टोचायच्या पीआरएफला एकच संथ फेरी पुरते: प्लास्टिकची नळी, 700 आरपीएम, 3 मिनिटे. मात्र वरचा द्रव 10-15 मिनिटांत वापरावा लागतो, नाहीतर तो गोठून बारीक सुई तुंबते. टोचल्यावर त्याची फायब्रिनची जाळी बनते आणि वाढ-घटक (पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने) सावकाश सुटत राहतात, हा त्याचा मोठा गुण. शस्त्रक्रिया सहा-आठ तास चालते, म्हणून त्याचे रक्त सकाळी काढून ठेवण्यात अर्थ नाही; टोचायच्या जरा आधीच काढावे.

ग्राफ्ट, म्हणजे लावण्यासाठी काढलेली केसांची मुळे, बुडवून ठेवायला पीआरपीच घ्यावी, पीआरएफ त्यांच्याभोवतीच गोठेल. ब्राझीलचे कार्लोस उबेल यांनी 2006 मध्ये 20 रुग्णांत ग्राफ्ट प्लेटलेटयुक्त प्लाझ्मात भिजवून लावले. वर्षभराने त्या बाजूची घनता सुमारे 15 टक्के जास्त भरली. अभ्यास छोटा आहे, पण दिशा आशादायक. मात्र सलाईनबाहेर राहून वाळलेला ग्राफ्ट दोन्हींपैकी कशानेही जगत नाही.