जंतू मरणं वेगळं, कीड थांबणं वेगळं

हर्बल टूथपेस्टच्या खोक्यावर ‘जंतूंचा नाश’ असं छापलेलं असतं आणि आपण ते ‘दात किडणार नाहीत’ असं वाचतो.

जंतूंचा नाश बहुतेकदा प्रयोगशाळेतल्या बशीत दाखवलेला असतो. अगारच्या जेलीवर स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स हा कीड लावणारा जीवाणू पसरायचा, जेलीत बारीकसा खड्डा पाडून त्यात पेस्ट भरायची आणि बशी ३७ अंश सेल्सिअसला दिवसभर ठेवायची. खड्ड्याभोवती जीवाणू वाढलेच नाहीत, तर स्वच्छ कडं दिसतं. ते मिलिमीटरमध्ये मोजतात. कडुनिंब किंवा लवंग घातलेल्या पेस्टभोवती असं कडं पडतं, यात बनवाबनवी काही नाही. लवंगेतलं युजेनॉल जीवाणूच्या पेशीचं आवरण खिळखिळं करतं. पण कडं मोठं म्हणून पेस्ट जास्त जालीम, हे गणित चुकतं. जेलीत झरझर पसरणारा पदार्थही मोठं कडं पाडतो. शिवाय फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट स्वतःच जीवाणूंना मारतं आणि ते कित्येक हर्बल पेस्टमध्येही असतं. मग श्रेय कडुनिंबाचं की फेसाचं? वनस्पती वगळून बाकी तीच पेस्ट शेजारच्या खड्ड्यात भरली असेल, तरच सांगता येईल.

तोंडात तर पेस्ट जेमतेम दोन मिनिटं टिकते, तीही लाळेत पातळ होऊन. जीवाणूही सुटे नसतात. दातावर चिकट थर करून राहतात आणि थराच्या तळापर्यंत औषध पोचणं कठीण. तो थर निघतो मुख्यतः ब्रशच्या घासण्याने, पेस्ट कुठलीही असो.

कीड थांबवण्याचा मार्ग निराळा. जीवाणू साखरेचं आम्ल करतात, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या एनॅमलमधली, म्हणजे वरच्या कठीण थरातली, खनिजं सुटू लागतात. फ्लोराइडचा मुख्य भर जंतू मारण्यावर नसतोच. फ्लोराइड लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातात परत बसवायला मदत करतं, आणि असं भरून आलेलं एनॅमल आम्लापुढे जास्त तग धरतं. त्यासाठी मोठ्यांच्या पेस्टमध्ये सहसा १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइड असतं. म्हणजे जंतू जिवंत असतानाही कीड रोखता येते.

‘हर्बल’ म्हणजे ‘बिनफ्लोराइडची’ असंही नाही. काही पेस्टमध्ये दोन्ही असतात. खोक्याची मागची बाजू वाचा, पुढची नव्हे.