जुना प्रोग्राम, नवी भाषा आणि चार लिप्यांतली नावं

‘सोलापूर’ या शब्दाची लांबी किती, असं पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीला, म्हणजे पायथॉन २ ला, विचारलं की साधारणपणे उत्तर येतं २१. पायथॉन ३ ला विचारलं की येतं ७. शब्द तोच, आज्ञा तीच, संगणकही तोच. बदलली फक्त भाषेची आवृत्ती. दुसरीतलं पोर बोटं मोजून ४ सांगेल, आणि गंमत म्हणजे ॲपलची स्विफ्ट ही भाषाही ४ च सांगते.

तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत. २१ हे बाइट, म्हणजे संगणकाच्या साठवणीतले कप्पे आहेत, कारण मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ७ ही चिन्हं आहेत: स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ उकार, र. आणि ४ ही आपली रोजची अक्षरं. आता ज्यानं २१ हा आकडा धरून प्रोग्राम लिहिला, त्याला भाषेनं एके दिवशी ७ द्यायला सुरुवात केली, तर त्या प्रोग्रामचं काय होतं?

जुन्या आवृत्तीत लिहिलेले प्रोग्राम नव्या आवृत्तीत जसेच्या तसे चालावेत, याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. जकार्डच्या मागावर काम केलेल्याला हे वेगळं समजावावं लागणार नाही. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते. कुठला उभा धागा उचलायचा ते भोक सांगतं. नव्या जकार्डवर भोकांमधलं अंतर वेगळं निघालं, की जुन्या पुठ्ठ्यांची रद्दी होते. पुठ्ठा निदान बसत तरी नाही, त्यामुळे घोळ लगेच कळतो. प्रोग्राम मात्र कधी कधी बसतो, चालतो आणि गुपचूप वेगळं उत्तर देतो.

पायथॉन ३ मध्ये दोन्ही प्रकारचे बदल होते. छापण्याची ‘प्रिंट’ ही आज्ञा आता कंसाशिवाय चालेना. हा बदल आरडाओरडा करणारा: प्रोग्राम सुरूच होत नाही, चूक कुठल्या ओळीत आहे ते सांगतो, दुरुस्त करून माणूस मोकळा. भागाकाराचा बदल मात्र मुका. समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यात १०० टॉवेल आहेत आणि १२ चा एक गठ्ठा बांधायचा आहे. पायथॉन २ मध्ये १०० भागिले १२ म्हणजे ८, उरलेले बाजूला. पायथॉन ३ त्याच ओळीचं उत्तर ८.३३ देतं. पॅकिंगच्या चिठ्ठीवर ‘८.३३ गठ्ठे’ छापून आलं तर कुणीतरी हसेल आणि विषय तिथंच मिटेल. पण तोच आकडा पुढं भाड्याच्या हिशेबात गेला आणि गठ्ठ्याला ३० रुपये दर असला, तर २४० चे २५० होतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. बाकी सोडून देणाऱ्या भागाकारासाठी वेगळी खूण होती, पण ती वापरायची आठवण प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ठेवायची.

मग एवढी उठाठेव केलीच कशाला? याचं खरं कारण मजकुरात आहे, आणि ते सोलापूरसारख्या गावात जितकं लवकर पटतं तितकं इतरत्र क्वचितच. इथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही भाषा घराघरांत आहेत. कारखान्याच्या हजेरीपटावर नावं लिहायची म्हटली तर चार लिप्या सहज निघतात. पायथॉन २ मध्ये साधा मजकूर आणि कच्चे बाइट यांचा प्रकार एकच होता; युनिकोड (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारी पद्धत) मजकुराचा प्रकार वेगळा, शेजारी ठेवलेला. दोन्ही एकत्र आले की भाषा मनाशी धरून चालायची, की हे बाइट इंग्रजीच असणार. इंग्रजी नावांवर तपासलेला प्रोग्राम त्यामुळे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालायचा, आणि पहिलं मराठी नाव आलं की कोसळायचा. अशा वेळच्या तक्रारीत बहुतेकदा २२४ या क्रमांकाचा बाइट दिसे, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरी, तेलुगू, कन्नड या तिन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह २२४ नं सुरू होतं. (पडद्यावर तो दहाऐवजी सोळाच्या पायावर लिहिलेल्या आकड्यांत दिसतो, आपल्याकडच्या कित्येक प्रोग्रामरांना तो पाठ झाला असेल.)

न कोसळता होणारा घोळ त्याहून वाईट. नावासाठी ३० जागा ठेवल्या आणि भाषा बाइट मोजत असली, तर इंग्रजीची ३० अक्षरं मावतात, उर्दूची चिन्हं २ बाइटांची असल्यानं १५, आणि मराठी, तेलुगू, कन्नडची फक्त १०. त्यात मात्रा आणि हलंतही धरलेले. ‘लक्ष्मीनारायण’ या नावात १३ चिन्हं आहेत, म्हणजे ३९ बाइट. ३० वर कात्री लागली की उरतं ‘लक्ष्मीनार’. पगारपत्रकावर हे छापून येतं तेव्हा दोष टंकलेखकाला मिळतो.

३ डिसेंबर २००८ ला आलेल्या पायथॉन ३ नं मजकूर आणि बाइट यांच्यात भिंत घातली. दोन्ही मिसळायचे असतील तर कसे, ते स्पष्ट सांगा, नाहीतर प्रोग्राम थांबेल, अगदी इंग्रजी मजकुरावरसुद्धा. जगभर या बदलावर बरीच चिडचिड झाली. ज्यांचं सगळं काम इंग्रजीत, त्यांना हा विनाकारण त्रास वाटणं साहजिक होतं. आपल्या बाजूनं पाहिलं तर ही मोडतोड आपल्या सोयीची होती. पूर्वी जी चूक आपल्या वाट्याला यायची, ती आता लिहिणाऱ्याच्या टेबलावरच उघडी पडू लागली.

किंमत मात्र दांडगी पडली. जुना प्रोग्राम आपोआप नव्यात बदलणारं साधन दिलं होतं, ते अर्धंच काम करायचं. दोन्ही आवृत्त्यांत चालेल असं लिहिता यावं म्हणून ‘सिक्स’ नावाचं जोडकाम निघालं. दोन गुणिले तीन, म्हणून सहा. हा मजकूर युनिकोड आहे हे सांगायला मजकुराआधी लावायचं जुनं ‘यू’ काढून टाकलं होतं, ते २०१२ मध्ये मुकाट्यानं परत आणावं लागलं. पायथॉन २.७ चा सांभाळ २०१५ मध्ये थांबणार होता, तो २०२० पर्यंत लांबवला. म्हणजे अकरा वर्षं एकाच नावाच्या दोन भाषा नांदत होत्या. पीएचपी या भाषेनंही आवृत्ती ६ मध्ये युनिकोडचा असाच घाट घातला, २०१० मध्ये तो सोडून दिला आणि पुढची मोठी आवृत्ती थेट ७ म्हणून २०१५ मध्ये काढली. पर्ल या भाषेच्या आवृत्ती ६ ची घोषणा २००० ची, पहिली पक्की आवृत्ती २०१५ च्या डिसेंबरची; तोवर ती इतकी निराळी झाली होती, की २०१९ मध्ये तिचं नावच राकू ठेवलं.

वेबपानांत चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेचा बाणा अगदी उलटा. जुनी वेबपानं मोडायची नाहीत, मग भाषेत चूक का असेना. ‘नल’ म्हणजे काहीच नाही. तरी त्याचा प्रकार विचारला की ही भाषा ‘ऑब्जेक्ट’ म्हणते. पहिल्या दिवसांतली ही चूक सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती तशीच राहणार.

रस्ट आणि गो या भाषांनी काढलेली तोड मला सगळ्यात हुशार वाटते. रस्टमध्ये प्रत्येक प्रकल्प आपण कुठल्या सालच्या नियमांनी लिहिलाय ते स्वतः सांगतो: २०१५, २०१८, २०२१ किंवा २०२४. ‘असिंक’ हा शब्द २०१८ पासून भाषेनं स्वतःकडे घेतला. २०१५ च्या प्रकल्पात ते नाव अजूनही कुणालाही ठेवता येतं, आणि दोन्ही प्रकल्प एकाच प्रोग्राममध्ये जोडता येतात. गोनं २०२४ च्या १.२२ आवृत्तीत लूपमधल्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींमधल्या) चलाचा, म्हणजे बदलत्या किमतीच्या नावाचा, अर्थ बदलला, तोही मुका बदल होता. पण प्रकल्पाच्या फाइलीत जुनी आवृत्ती नोंदलेली असेल तर जुनाच अर्थ लागू होतो. नवा कम्पायलर, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारं साधन, घेतला म्हणून कुणाचा हिशेब बदलला नाही.

मग पायथॉनला हे का सुचलं नाही? सुचलं होतं. नव्या भागाकाराची सोय २००१ पासूनच होती: फाइलीच्या वर एक ओळ लिहा, त्या फाइलीपुरता भागाकार नव्या पद्धतीनं होईल. पुढं प्रिंटसाठीही तशी ओळ आली. पण भागाकार ज्या फाइलीत लिहिला तिथंच संपतो. मजकूर संपत नाही; तो एका फाइलीत तयार होतो, दुसरीत कापला जातो, तिसरी तो डिस्कवर लिहिते. पहिली फाइल त्याला बाइट म्हणाली आणि तिसरी अक्षरं, तर वाद नेमका उंबरठ्यावर होणार. नियम फाइलीपुरते बांधता येतात, फाइलींमधून हिंडणारी वस्तू तशी बांधता येत नाही. रस्टची सालंही म्हणूनच लिहिण्याच्या नियमांपुरती असतात; मजकुराचा मूळ प्रकार सगळ्या सालांना एकच. पायथॉनला मजकुरासाठी एकदा मोडणं भाग होतं असं मला वाटतं. प्रिंटचे कंस मात्र त्याच गाडीत कोंबायची गरज नव्हती.

पायथॉन २ ची शेवटची आवृत्ती, २.७.१८, एप्रिल २०२० मध्ये निघाली. मूळ चमूकडून त्यानंतर सुरक्षेची दुरुस्तीही येत नाही. अशा भाषेतला हिशेबाचा प्रोग्राम अजून चालू असेल, तर तो नव्यात नेणाऱ्यानं नुसतं ‘चालतोय’ यावर समाधान मानू नये. मागच्या वर्षाची सगळी बिलं जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्राममधून काढावीत आणि आकडे ओळीनं ताडून पाहावेत. तपासणीच्या यादीत एक तेलुगू नाव, एक कन्नड, एक उर्दू आणि एक जोडाक्षरांनी भरलेलं लांबलचक मराठी नाव घालावं. गठ्ठ्यात पूर्ण न बसणारी टॉवेलची संख्याही एकदा घालून पाहावी; १०० चालेल.