जॅझ ऑर्गन : ऐकण्याजोगी ध्वनिमुद्रणे

जॅझमध्ये ऑर्गन म्हणजे बहुतेक वेळा हॅमंड कंपनीचा बी-३ किंवा त्याचाच जुळा सी-३, आणि त्याला जोडलेला लेस्ली, म्हणजे फिरत्या हॉर्नचा स्पीकर. संगीत नाटकांच्या साथीला असे तो पायाने भाता मारायचा ऑर्गन हे निराळे वाद्य. हॅमंडमध्ये भाता नाही. ९१ दातेरी चाके चुंबकांसमोर फिरतात आणि त्यातून विजेचे सूर तयार होतात. वर ६१ पट्ट्यांचे दोन कीबोर्ड, खाली पायांसाठी २५ पेडल.

नव्या श्रोत्याला काही सुचवताना पहिला विचार खर्जाचा करावा. ऑर्गन-त्रयीत सहसा वेगळा बेसवादक नसतो. वादक डाव्या हाताने चालता बेस, म्हणजे ठेक्यागणिक पावले टाकत जाणारे खर्जाचे सूर, वाजवतो, पायाने पेडलला हलके टोले देऊन त्याला धार आणतो आणि उजव्या हाताने सुरावट रंगवतो. हा डावा हात ऐकू आला नाही तर ऑर्गन नुसता गोंगाट वाटतो. मोबाइलच्या स्पीकरवर तो ऐकू येतच नाही, कारण पेडलचा सर्वांत खालचा सूर सुमारे ३३ हर्ट्झचा असतो आणि डाव्या हाताचा बेसही फार वर नसतो. हेडफोन हवेत, नाहीतर बऱ्यापैकी मोठे स्पीकर.

सुरुवातीला ऑर्गनवादक जिमी स्मिथची ‘बॅक ॲट द चिकन शॅक’ ही तबकडी द्यावी. ध्वनिमुद्रण २५ एप्रिल १९६०चे. सोबत स्टॅन्ली टरेन्टाइन (टेनर सॅक्सोफोन), केनी बरेल (गिटार) आणि डोनाल्ड बेली (ड्रम्स). शीर्षकरचना मध्यम लयीतला ब्लूज असल्याने बेस सहज पकडता येतो. स्मिथची ओळखीची मांडणी अशी : पहिले तीन ड्रॉबार (सुरात निरनिराळे उपस्वर मिसळणाऱ्या, ओढायच्या दांड्या) पूर्ण बाहेर, बाकीचे आत, तिसऱ्या हार्मोनिकचे (उपस्वराचे) पर्कशन, म्हणजे सुराच्या आरंभी येणारा क्षणिक टोला, चालू. पर्कशनचा तो ‘टक्’ आधीच्या साऱ्या पट्ट्या सोडल्यावरच पुन्हा उमटतो. म्हणून जलद तानेत काही सूर टोकदार आणि काही गोल लागतात; हा फरक कानाला कळू लागला की स्मिथची बोटे दिसू लागतात. त्याच दिवशीच्या ध्वनिमुद्रणातून ‘मिडनाइट स्पेशल’ही निघाले. ते लगेच पुढे ऐकावे.

स्मिथच्या ‘बॅशिन’’ (१९६२) या तबकडीचा अर्धा भाग ऑलिव्हर नेल्सनच्या मोठ्या वाद्यवृंदासह आहे. तो लोकप्रिय झाला, पण ऑर्गन समजून घ्यायला तिथून सुरुवात करू नये. वृंदात वेगळा बेसवादक असल्याने डाव्या हाताचे मुख्य कामच निघून जाते. सॅक्सोफोनवादक एडी ‘लॉकजॉ’ डेव्हिसच्या १९५८च्या ‘कुकबुक’ मालिकेतही जॉर्ज डुव्हिव्हिए बेसवर आहे, मात्र तिथे ऑर्गनवर शर्ली स्कॉटचे स्वरमेळ इतके नेटके आहेत की ती मालिका दुसऱ्या टप्प्यात जरूर द्यावी.

नृत्याच्या ठेक्यावर पाय हलणाऱ्याला ऑर्गनवादक जॅक मॅकडफचे ‘लाइव्ह!’ (१९६३, नेवार्क) किंवा सॅक्सोफोनवादक लू डोनाल्डसनचे ‘ॲलिगेटर बोगालू’ (१९६७) आवडते. पहिल्यात गिटारवर वीस वर्षांचा जॉर्ज बेन्सन आहे, दुसऱ्यात बेन्सनच आणि ऑर्गनवर लॉनी स्मिथ. जिमी स्मिथशी त्याची गल्लत होऊ नये. गिटार वाजवणाऱ्याने ‘द वेस माँटगोमेरी ट्रिओ’ (१९५९) आधी ऐकावे. मेल्विन राइनचा ऑर्गन तिथे कोरडा, जवळजवळ बोलल्यासारखा आहे.

ऑर्गनवादक लॅरी यंगचे ‘युनिटी’ (ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९६५) हे या वाद्याचे शिखर. पण जाणकार उत्साहाच्या भरात तेच पहिल्यांदा हातात देतात आणि श्रोता गोंधळतो. ब्लूजचा आधार सुटलेला, गिटार नाही, ट्रम्पेटवर वुडी शॉ, टेनरवर जो हेंडरसन, आणि एल्व्हिन जोन्सचे ड्रम्स सतत उसळते. यात शिरायचे तर ‘माँक्स ड्रीम’पासून : तिथे फक्त ऑर्गन आणि ड्रम्स आहेत, त्यामुळे यंग चौथ्या स्वराच्या अंतरावर स्वरमेळ कसे रचतो ते उघडे दिसते. ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या ‘लाइफटाइम’ या गटाचे ‘इमर्जन्सी!’ (१९६९) त्याच्याही पुढचे; ऑर्गनवर तिथेही यंगच. त्यातला आवाज फाटलेला आहे, तेव्हा स्पीकर बिघडला असे समजू नये.

लेस्लीचा हॉर्न जलद गतीवर मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतो. ती गती वादक कुठे चालू करतो आणि कुठे सोडून देतो, हे ऐकण्यासाठी जोई डीफ्रान्सिस्कोच्या थेट मैफलींची ध्वनिमुद्रणे उत्तम. कमी बोलणारा ऑर्गन हवा असेल तर लॅरी गोल्डिंग्ज, पीटर बर्नस्टीन आणि बिल स्टुअर्ट या त्रयीचे ‘टॉय ट्यून्स’ (२०१८) घ्यावे.