१५ वर्षांनंतरचं पासिंग : मुंबईतल्या जुन्या गाड्यांची पार्श्वभूमी

मुंबईत जुनी गाडी बाळगणाऱ्याला शेजारीपाजारी हमखास विचारतात, ‘पंधरा वर्षं झाली ना? आता भंगारात द्यावी लागेल.’ तसं काही नाही. १५ वर्षांनी संपते ती नोंदणीची मुदत. गाडी आरटीओत तपासून घेतली, म्हणजे पासिंग केलं, की आणखी पाच वर्षं मिळतात, आणि गाडी धडधाकट असेल तोवर हे पुन्हा पुन्हा करता येतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४-१५ मध्ये १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना बंदी केली ती दिल्ली परिसरात. बातमी देशभर पोहोचली, हद्द मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाही.

तपासणीची सक्ती मुळात धंद्याच्या गाड्यांसाठी होती. १९३९च्या मोटार वाहन कायद्यात फिटनेस प्रमाणपत्राचं कलम होतं ते प्रवासी आणि मालवाहू गाड्यांपुरतं. टॅक्सीवाल्याला पासिंग नवं नाही. आजही आठ वर्षांवरच्या टॅक्सीला ते दरवर्षी करावं लागतं. खासगी गाडीच्या नोंदणीला १५ वर्षांची मुदत घातली ती १९८८च्या कायद्याने. तो १ जुलै १९८९ पासून लागू झाला.

त्या काळी १५ वर्षांची गाडी म्हातारी समजत नसत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडत, पण परवाना राजवटीत किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवी. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशी मिळालेली गाडी कोण टाकून देणार? बापाची गाडी मुलाकडे येई. त्यातूनच पत्रा बदलणारे, इंजिन उतरवून नवं करणारे मिस्त्री तयार झाले. ऑपेरा हाउसला नवे सुटे भाग, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि वाट पाहणं हळूहळू संपलं, दुरुस्त करून वापरायची सवय मात्र राहिली.

गाडीचं वय हा मुद्दा झाला तो धुरामुळे. शहरातल्या प्रदूषणाविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये राज्याचे तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायला लावली. तिच्या शिफारशींवरून १५ वर्षांवरच्या टॅक्सींना सीएनजी तरी घ्या नाहीतर रस्ता सोडा, असा आदेश निघाला. पुढे २००८ मध्ये टॅक्सीचं कमाल वय २५ वर्षांवर आणि २०१३ मध्ये २० वर्षांवर आणलं गेलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती; २०२३च्या ऑक्टोबरअखेर तिची २० वर्षं भरली आणि काळी-पिवळी पद्मिनी बंद झाली. त्याच कारखान्यातली, तेच इंजिन असलेली खासगी पद्मिनी मात्र आजही पासिंगला नेता येते. टॅक्सी दिवसरात्र धावते, तिला कडक नियम हवेतच. तरीही वय बघण्याऐवजी प्रत्येक गाडीची खरी अवस्था नीट तपासावी, असंच मला वाटतं.

सरकारचा कल मात्र जुनी गाडी महाग करण्याकडे आहे. महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या खासगी गाडीला पर्यावरण कर आहेच. ऑगस्ट २०२१ मध्ये भंगार धोरण जाहीर झालं, आणि १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. मुदत उलटली तर महिन्याला ५०० वेगळे. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. आमची पद्मिनी १९९६ची. २०२१ मध्ये ६०० रुपयांत झालेलं काम २०२६च्या पासिंगला १०,००० चं. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आली, पण ती प्रदर्शनं आणि रॅलीपुरती. रोज भाजी आणायला जाणाऱ्या गाडीचा तिथे काही संबंध नाही.

प्रत्यक्ष तपासणीत इंजिन क्वचितच दगा देतं. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस पत्रा खातो, आधी पायाखालचा, मग दारांच्या कडा. इन्स्पेक्टर ब्रेक, दिवे, हॉर्न, वायपर, टायर पाहतो. पीयूसी आणि विमा चालू लागतो, रंग आरसी बुकात लिहिलेलाच असावा लागतो. आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर स्पष्ट वाचता यावा लागतो. २०१६ मध्ये आमच्या मिस्त्रीने गंज झाकायला नेमका त्या नंबरावरच जाड रंग चढवला होता. गाडी परत आणावी लागली. रंग खरवडून, त्यावर कागद धरून मी पेन्सिल घासली तेव्हा एकेक आकडा उमटत गेला. शेवटचे दोन अर्धे गंजले होते, पण वाचता आले.