पिक्सेल आर्टमधील पात्ररचना

पिक्सेल आर्ट म्हणजे १६×१६ किंवा ३२×३२ अशा ठरावीक चौकटींच्या (पिक्सेलच्या) जाळीत माणूस, प्राणी, देवदेवता चटकन ओळखू येतील अशा रंगवण्याची कला. १६×१६च्या जाळीत अवघ्या २५६ चौकटी असतात. त्यामुळे पात्र सुधारण्याचे निम्मे काम खोडरबराचे असते.

या मर्यादेतूनच व्हिडिओ गेममधला मारिओ घडला. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८१च्या ‘डाँकी काँग’ या खेळात रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी त्याला तोंड काढावे लागू नये म्हणून मिशी दिली, केसांच्या जागी टोपी दिली आणि हातांची हालचाल अंगापासून वेगळी दिसावी म्हणून डांगरी घातली.

नागपूरच्या मुलांना सरावासाठी तान्ह्या पोळ्याच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या सणाच्या) लाकडी नंदीइतका चांगला विषय सापडणार नाही. बोजारा (सणाची भेट) मागत दारोदार फिरवलेला हा नंदी त्यांच्या हातात खेळलेला असतो. नवशिक्या आधी डोळा, घुंगरू, झुलीची नक्षी भरतो आणि हाती तपकिरी गोळा लागतो. अशा वेळी सगळे चित्र एकाच काळ्या रंगाने भरून बघावे. त्या छायाकृतीत शिंगे, वशिंड आणि चाके सुटी दिसली पाहिजेत. शिंग आणि वशिंड यांच्यामध्ये एखाद-दोन चौकटी मोकळ्या सोडल्या की बैल लगेच उभा राहतो. डोके खऱ्या प्रमाणापेक्षा मोठे घ्यावे. झुलीला एक लाल पट्टा पुरतो. चाकावर उजळ रंगाची एकच चौकट ठेवून ती दर चित्राला पुढे सरकवली, की चाक फिरू लागते.

रंगांचा धडा त्याच दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या मारबतींकडून, म्हणजे मोठ्या पुतळ्यांकडून, घ्यावा. लहान जाळीत काळी आणि पिवळी मारबत यांच्या आकृतीत फारसा फरक उरत नाही. तो रंगालाच सांभाळावा लागतो. पिवळ्याची सावली करताना नुसता काळा मिसळला तर रंग शेवाळी होतो, म्हणून सावली नारिंगी-तपकिरीकडे न्यावी. काळी मारबत गडद पार्श्वभूमीत हरवते. तिला गडद निळ्याच्या दोन-तीन छटा आणि प्रकाशाच्या बाजूने उजळ कड द्यावी. चारी कडांनी सारखीच सावली देण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. तिने आकृती फुगीर दिसते आणि उजेड कुठून येतो तेच कळत नाही.

रंग थोडे ठेवण्याची शिस्त जुन्या यंत्रांनी लावली. निन्टेन्डोच्या आठ-बिट घरगुती यंत्रात एका स्प्राइटला (पडद्यावर हलणाऱ्या छोट्या चित्राला) पारदर्शक जागा सोडून तीनच रंग मिळत. आज तसे बंधन नाही, तरी आठ-दहा रंगांत पात्र बसवण्याचा सराव करावा.

वळणदार रेषेत पायऱ्यांची लांबी क्रमाने बदलावी (१, २, ३, मग पुन्हा २, १). मध्येच क्रम तुटला की रेष दातेरी दिसते. चित्र मोठे करताना दुप्पट, तिप्पट अशा पूर्ण पटीतच करावे आणि पीएनजी या फाइल-प्रकारात जतन करावे; जेपीईजीमध्ये चौकटींच्या कडा मळतात.