माग हौसेचा कसा झाला

मराठीत ‘विणकाम’ म्हटलं की आधी सुया आणि लोकरीचा गुंडा आठवतो, माग नंतर. सुयांचं काम फावल्या वेळाचं. माग म्हणजे पोटाचा धंदा, नाहीतर घरची गरज. उभा ताणा आणि त्यातून खालीवर जाणारा आडवा बाणा ही कल्पना किमान सहा हजार वर्षं जुनी आहे. इजिप्तमधल्या बदारीच्या एका मातीच्या थाळीवर जमिनीलगतच्या मागाचं चित्रच आहे. पण इतक्या काळात ‘मला आवडतं म्हणून विणतो’ असं म्हणण्याची सोय फार थोड्यांना होती.

ती सोय यंत्रानं करून दिली, आणि तिची किंमत विणकरांनी मोजली. १७३३ साली जॉन के या इंग्रजानं दोरीच्या झटक्यानं पळणारा धोटा (बाण्याचा धागा ताण्यातून आरपार नेणारं साधन) काढला. त्याआधी रुंद कापडाला दोन विणकर लागत, एक या टोकाला, एक त्या टोकाला. आता एकाचं काम झालं. १७८५ मध्ये कार्टराइटचा यंत्रमाग आला. तो नीट चालायला पुढची काही दशकं गेली, पण १८२० च्या दशकात ब्रिटनमध्ये सुती कापड विणणारे हातमागवाले सुमारे २ लाख ४० हजार होते, ते १८६० पर्यंत जेमतेम काही हजारांवर आले. त्यांच्या हलाखीची चौकशी करायला पार्लमेंटला समिती नेमावी लागली.

धंदा बुडाला, तेव्हा छंदाला जागा झाली. इंग्लंडचा कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस हा त्यातला ठळक माणूस. १८७९ मध्ये त्यानं आपल्या झोपायच्या खोलीत माग उभा केला आणि अठराव्या शतकातलं एक फ्रेंच पुस्तक समोर ठेवून टॅपेस्ट्री, म्हणजे विणलेल्या चित्रांचे पडदे, विणायला तो स्वतःच शिकला. पहिल्या तुकड्याला लागलेले तास त्यानं मांडून ठेवले: ५१६. शिकवायला उस्ताद नाही, पोट त्यावर अवलंबून नाही, पहाटेचा वेळ आपला. आजचा हौशी विणकर यात स्वतःला लगेच ओळखेल. (मॉरिसचा कारखानाही होता, त्यामुळे त्याला निव्वळ हौशी म्हणणं जरा भाबडं ठरेल.)

पुढची ओढ बायकांची. अमेरिकेत मेरी मेग्ज अ‍ॅटवॉटर यांनी जुन्या पांघरुणांवरचे आणि विणकरांच्या जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरचे नमुने उलगडले आणि १९२० च्या दशकात टपालानं धडे पाठवायला सुरुवात केली. पूर्वी ही विद्या मिळवायला उस्तादाकडे वर्षानुवर्षं उमेदवारी करावी लागे; आता ती पाकिटातून घरी येऊ लागली. मला तरी या साऱ्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो. जर्मनीत बाउहाउस या कलाशाळेत मुलींना बहुधा विणकाम विभागाकडेच वळवत. अ‍ॅनी आल्बर्स यांना काचकाम करायचं होतं, मागावर त्या नाइलाजानं बसल्या. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. जपानमध्ये मिसाओ जो नावाच्या बाईंच्या कापडात ताण्याचा एक धागा सुटला होता. जाणकारानं ते सदोष ठरवलं. त्यांना मात्र ती रेघ आवडली, आणि मग मुद्दाम धागे गाळून त्या विणू लागल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस यातून ‘साओरी’ ही पद्धत निघाली. तिच्यात चूक नावाची गोष्टच नाही.

नवशिक्याला वाटतं, धोटा फेकणं म्हणजे विणणं. खरा वेळ जातो तो त्याआधी. २० इंच रुंदीच्या शालीला इंचाला १० धागे धरले तरी २०० धागे मोजून, एकेक ओवून, फणीतून काढून, सारख्या ताणानं बांधावे लागतात. केच्या धोट्यानं या भागाला काहीच वेग दिला नव्हता. आणि गंमत म्हणजे घरातल्या लहान मागावर केचा धोटाही सहसा नसतो. धोटा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, आणि म्हणून कापडाचा पन्हा विणणाऱ्याचे हात पोचतील तेवढाच राहतो, १७३३ च्या आधी होता तसा.