थायरॉइड ग्रंथी आणि मेंदू

थायरॉइड म्हणजे मानेत पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली श्वासनलिकेला चिकटून असलेली छोटीशी ग्रंथी, वजन साधारण 15 ते 25 ग्रॅम. शाळेच्या पुस्तकात हिला अवटु ग्रंथी म्हणतात. हिच्यातून मुख्यतः दोन हार्मोन निघतात, टी4 आणि टी3. नावातला आकडा म्हणजे त्यात आयोडीनचे अणू किती ते. टी4 जास्त बनतं पण खरं काम टी3 करतं, आणि गरज पडेल तसं लिव्हरमध्ये, मेंदूत वगैरे टी4 चं टी3 होतं.

ही ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालत नाही, तिचा कंट्रोल मेंदूकडे असतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस आहे, तो टीआरएच सोडतो, त्याने खालची वाटाण्याएवढी पिट्युटरी जागी होते आणि ती रक्तात टीएसएच सोडते, मग थायरॉइड कामाला लागते. रक्तात हार्मोन पुरेसं झालं की वरचे दोघंही आपापला हात आखडता घेतात. म्हणूनच रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं दिसलं की थायरॉइड वाढलं असं बरेच जण समजतात ते उलटं आहे. कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी आपण आवाज चढवून बोलतो ना, तसं थायरॉइड दाद देत नाही म्हणून पिट्युटरी जोर लावते, म्हणजे टीएसएच जास्त असेल तर बहुतेक वेळा थायरॉइड कमी पडतंय.

कमी पडलं की वजन, थंडी वाजणं, केस गळणं, पाळीच्या तक्रारी याबद्दल सगळे बोलतात, पण मेंदूवर होणारा परिणाम घरात कुणाच्या लक्षातच येत नाही आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. विसरायला होतं, विचार मंदावतो, कशात मन लागत नाही, आणि घरचे म्हणतात आळशी झालीये किंवा वय झालं आता. म्हणून डिप्रेशन किंवा स्मृतिभ्रंशाची शंका आली की डॉक्टर टीएसएच बघून घेतात. नसांवर तर हे डोळ्यांनी दिसतं: घोट्यामागच्या शिरेवर हातोडी मारली की पाऊल झटकन हलतं, पण जागेवर परत येताना रेंगाळतं. थायरॉइड जास्त झालं तर याच्या उलट, हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते.

कमी थायरॉइडची गोळी, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा अर्धा ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मध्ये चार तास तरी जाऊ द्यायचे, नाहीतर औषध नीट शोषलंच जात नाही. डोस बदलला की टीएसएच स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी करतात, आठवड्यात परत करून काही कळत नाही.

आयोडीन मात्र जेवणातूनच यावं लागतं, मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आणि गरोदरपणी त्याहून जास्त. ते कमी पडलं की गलगंड होतो. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी मिठात आयोडीन घालून बघितलं, गलगंड खरंच कमी झाला, आणि 1962 मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला. उपासापुरतं सैंधव ठीक आहे, पण हल्ली काही घरांत रोज तेच वापरतात आणि त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं.

गरोदर बाईच्या घरात तर हे बघायलाच हवं, कारण पहिले तीन महिने बाळाचा मेंदू आईच्याच टी4 वर वाढत असतो. काही बाळांमध्ये जन्मतःच थायरॉइड काम करत नाही आणि सुरुवातीला बाळ अगदी नॉर्मल दिसतं, म्हणून जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन टेस्ट करतात. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मेंदूची वाढ बहुतेक व्यवस्थित होते, उशीर झाला तर झालेलं नुकसान भरून येत नाही. ही टेस्ट प्रत्येक हॉस्पिटलमध्ये आपोआप होतेच असं नाही, डिस्चार्जच्या आधी विचारून घ्यावं लागतं.